सोयरीक आप्पा आणि पिवळी पट्टी

जगातली कुठलीही गोष्ट समोर ठेवली तरी आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ह्याचं कोण हाय?" आमची पहिली भेट झाली तेव्हा हा प्रश्न त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या माउसबद्दल विचारला. मग त्याची वायर बोटाने चाचपत मागच्या डब्यापर्यंत गेले आणि समाधानाने म्हणाले, "दावं हाय. म्हंजे घरचंच हाय." पुढे वर्षभराने मी बिनवायरचा माउस आणला, तर त्यांनी तो हातात धरला नाही. असलं मोकाट काही त्यांना खपायचं नाही.

बेंबळीत त्यांना सगळे सोयरीक आप्पा म्हणायचे. पांढरं धोतर, खिशात चष्मा, खांद्यावर निळ्या काठाचा पंचा. उभ्या आयुष्यात त्यांनी लग्नं जुळवण्यापलीकडे मन लावून काही केलं नव्हतं. शेत होतं, पण त्या शेतालाच आप्पा कधीमधी भेटायला जायचे. कुणाचं माहेर कुठलं, कुणाची आत्या कुठे दिली, कुठल्या दोन घरांत मानपानावरून वाजलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात उभं-आडवं विणलेलं होतं. पण मी त्यांना भेटले तेव्हा नऊ वर्षं झाली होती त्यांनी शेवटचं लग्न जुळवून. नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

माझं काम सांगायला अवघड आणि ऐकायला कंटाळवाणं आहे, तरी सांगते. पुण्याच्या एका संस्थेने एक साइट बनवली होती आणि तिच्यावर चार-सहा गावांतल्या लोकांनी मिळून शेतीतलं जुनं ज्ञान भरायचं होतं. नुसतं लिहून नाही. प्रत्येक गोष्टीची एक चौकट करायची. ज्वारी, राख, तिफण, कडबा, जे असेल ते. मग दोन चौकटींमध्ये रेघ ओढायची आणि त्या रेघेवर त्यांचं नातं लिहायचं. उद्या कुणी विचारलं की बियाण्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, तर मशीन त्या रेघांवरून चालत चालत उत्तरापाशी पोहोचणार. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं, फक्त नावानिशी. माहिती कुणाकडून मिळाली ते 'स्रोत' म्हणून लिहायचं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी हे लोकांना समजावून सांगितलं, ते "संकल्पनांच्या परस्परसंबंधांची औपचारिक मांडणी" अशा शब्दांत. निम्मा हॉल पेंगला आणि उरलेला चहाची वाट बघत बसला. मागून आप्पा उठले. "मॅडम, एवढं लांबड कशाला लावायलाव? चौकट म्हंजे स्थळ आन् रेघ म्हंजे सोयरीक. फुडं बोला." हॉल खडबडून जागा झाला. माझं पुण्यातलं दोन वर्षांचं शिक्षण त्यांनी एका वाक्यात उरकलं याचा मला तेव्हा रागच आला होता.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा रोज दहाच्या ठोक्याला हजर. एका बोटाने टाइप करायचे, पण ते बोट थांबायचं नाही. एकटी चौकट त्यांना बघवत नसे. कुणी घाईत नुसतं 'करडई' लिहून ठेवलं आणि रेघ ओढली नाही, की ते बेचैन व्हायचे. "ही अशी किती दिवस बसवून ठिवायची? लोक नावं ठिवतेत." संध्याकाळपर्यंत करडईचं कुठेतरी जमवूनच घरी जायचे.

संस्थेने रेघांसाठी चार नाती ठरवून दिली होती : प्रकार आहे, भाग आहे, लागतो आणि चालत नाही. आप्पांचं चारात भागेना. हरभऱ्याचं आणि पावसाचं नातं काय लिहायचं यावर ते एक अख्खी सकाळ अडून बसले. "पेरताना ओल पायजे, तवा लागतो. फुलात आल्यावर त्योच पाऊस पानावरची आंब धुऊन नेतोय, मग घाटा धरत न्हाय. म्हंजे लागतो बी आन् चालत बी न्हाय. ह्याला आमच्यात रुसवा म्हंतेत." आणि त्यांनी यादीत पाचवं नातं घातलं, 'रुसवा आहे'. आठवडाभरात 'येणंजाणं आहे' आणि 'बोलणं चालू आहे' हीसुद्धा आली.

पुण्याहून संस्थेच्या सरांचा फोन आला, हे शास्त्रीय नाही म्हणून. मी निरोप पोहोचवला. आप्पांनी विचारलं, "सरांचं लगीन झालंय का?" मी झालंय म्हटलं. "मग त्येन्ला कळंल." आणि कळलं. तीन महिन्यांनी एका मोठ्या सभेत सरांनी 'रुसवा' हे नातं पडद्यावर कौतुकाने दाखवलं, स्वतःला सुचल्यासारखं. आप्पांचं नाव कुठेही नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पा मात्र सुपारी कातरत म्हणाले, "मध्यस्थाचं नाव पत्रिकेत कुठं असतंय, मॅडम?"

नियम त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायचे. मी मशीनला शिकवलं होतं की जे माणूस आहे ते जनावर असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी बेंबळीच्या नोंदींवर लाल खुणांचा सडा. बघते तर 'घरातली माणसं' या चौकटीखाली लोकांनी आपापले बैल लिहिले होते, नावानिशी, तेही धाकट्या मुलांच्या आधी. मी कपाळावर हात मारला. आप्पा म्हणाले, "एका देवकाच्या दोन घरांत लगीन लागत न्हाय, तसाच ह्यो दस्तूर. हितं पटवायचं काय त्यात?" मग स्वतः घरोघर फिरून लोकांना बैल खाली उतरवायला लावले. फक्त स्वतःचा बैल तेवढा माणसांत ठेवला. त्याच्यापुढची लाल खूण शेवटपर्यंत गेली नाही. मी टोकलं तर म्हणाले, "त्येला कोण सांगणार?"

पण सगळ्या साइटमध्ये त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'मागे घ्या' हे बटण. कुठलीही नोंद केली की अर्धा मिनिट ते शेजारी दिसायचं. दाबलं की झालेलं न झाल्यासारखं. पहिल्यांदा कळलं तेव्हा आप्पांनी उगाच ज्वारीचं लग्न विहिरीशी लावलं आणि मोडलं, लावलं आणि मोडलं. मग माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "असलं बटण आमच्या धंद्यात पायजे व्हतं," एवढंच म्हणाले.

ते असं का म्हणाले ते मला ग्रामपंचायतीच्या शिपायाने सांगितलं. आप्पांची धाकटी बहीण तामलवाडीला दिलेली. तिला तिकडे सगळे अक्का म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी अक्काच्या मुलीचं, शोभाचं लग्न आप्पांनी जुळवलं. परक्याच्या मुलीसाठी चार गावं पालथी घालणारा माणूस, पण घरचंच कार्य म्हणून घाई केली, आणि मुलगा निर्व्यसनी असल्याचं ऐकीव माहितीवर आपल्या जबानीवर सांगून टाकलं. मुलगा निर्व्यसनी सोडून बाकी सगळं होता. वर्षाच्या आत शोभा माघारी आली, ती कायमची. अक्का भर अंगणात म्हणाली, "जगाच्या लेकी नांदवल्यास आन् माझीच बुडवलीस. आजपासनं मला भाऊ न्हाय." आप्पांनी चपला घातल्या आणि घरी आले. त्या दिवसापासून धंदा बंद. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "आमाला बहीण न्हाय."

म्हणून आता ज्वारी आणि करडई. "हितं मोडलं तर कुणाची लेक माघारी येत न्हाय," असं ते एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले होते.

अपवाद फक्त माझा. मी तिशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची, म्हणजे आप्पांच्या हिशेबात रेघ नसलेली चौकट. त्यांनी साइटवर खरोखरच 'मॅडम' नावाची एक चौकट केली आणि तिच्यातून एक रेघ काढून लिहिलं, 'चौकशी चालू आहे'. मी खोडलं. त्यांनी परत लिहिलं. हा खेळ दोन वर्षं चालला. मी रागावले की म्हणायचे, "चौकशी करायला काय जातंय? हो थोडंच म्हणायचंय लगेच?"

तर आता अक्का. तामलवाडीही आमच्या गावांत होतीच आणि तिथून सगळ्यात जास्त नोंदी 'अक्का-तामलवाडी' या नावाने यायच्या. एके दिवशी ज्वारीच्या बियाण्याच्या पानावर आप्पांनी लिहिलं की बी कणगीत भरताना त्यात गोवरीची राख मिसळावी. दुपारी अक्काने ते खोडून 'बाभळीच्या लाकडाची राख' केलं. संध्याकाळी आप्पांनी परत गोवरी आणली. असं दोन-चार दिवस नाही, पावसाळा गेला, सुगी आली, तरी चालूच. पानाखाली चर्चेसाठी जागा होती, तिथे अक्काची नोंद यायची : 'आईने बाभळीचीच राख घातली. ज्याला आठवत नाही त्याने लिहू नये.' आप्पा ती दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, "लिहितंय मात्र झ्याक."

यापुढची चूक माझी. दोघांनीही स्रोत म्हणून 'आई' लिहिलं होतं. नुसतं आई लिहून कसं चालेल, म्हणून मी दोघांना आईचं नाव, माहेर, सासर भरायला लावलं. दोघांनी इमानदारीत भरलं. नाव एक, माहेर तेरखेडा, सासर बेंबळी. मशीनला रागलोभ काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानावर भलीमोठी पिवळी पट्टी झळकली : 'अनुमान : या दोन व्यक्तींची आई एकच आहे. म्हणून बेंबळीचे आप्पा आणि तामलवाडीची अक्का हे बहीण-भाऊ आहेत. मान्य की अमान्य?'

पिवळ्या पट्टीचा नियम असा, की दोघांनी मान्य दाबलं तर ती हिरवी होऊन कायम राहणार. एकाने जरी अमान्य दाबलं तरी ती पुसली जाणार. आणि मार्चअखेर प्रकल्प संपून साइट गोठणार, तोवर काहीच दाबलं नाही तरीही पुसली जाणार.

शिपायाने ते मोठ्याने वाचलं. "आप्पा, मशीननं तुमची बहीण हुडकली की." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आप्पा म्हणाले, "मशीनला काय कळतंय." खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्याचा तेवढा भाग झाकून टाकला. त्यानंतर ते रोज अर्ध्या पडद्यावर काम करायचे. पण मी एक गोष्ट हेरली. अमान्य त्यांनी दाबलं नव्हतं. अक्कानेही नाही.

बातमी दोन्ही गावांत पसरली. बेंबळीची माणसं सात-बाऱ्याच्या निमित्ताने यायची आणि पंचा उचलून बघून जायची. अक्काचा मला फोन येई. "तुमच्या त्या बेंबळीवाल्यानं काय दाबलं का?" मी म्हणे, नाही. "थोरला हाय त्यो. त्यानं आधी दाबावं." आणि फोन बंद.

मग मीच मध्यस्थ व्हायचं ठरवलं. आप्पांनीच एकदा सांगितलं होतं की मध्यस्थाने निरोप जसाच्या तसा पोहोचवू नये, वाटेत त्याला थोडा गूळ लावावा. मी आप्पांना म्हटलं, "अक्का म्हणत होत्या, गोवरीची राखही तशी वाईट नाही." आप्पा सुपारी कातरायचे थांबले. "खोटं बोलताना डोळं समोरच्यावर ठिवायचं, मॅडम. तुमी खिडकीकडं बघायलाव." माझी मध्यस्थी तिथेच संपली.

मार्चचा शेवटचा आठवडा आला आणि माझा धीर सुटला. पट्टी पुसली जाणार, आणि मशीननेही सांगितल्यासारखं होणार की यांना बहीण नाही. मी पंचा उचलला आणि म्हटलं, "आप्पा, दाबून टाका की. एवढा कसला ताठा?"

"ताठा न्हाय," आप्पा म्हणाले. "दस्तूर हाय. होकार आधी मुलीकडचा घ्यायचा. तिचं जातंय सगळं, म्हून तिला आधी विचारायचं. म्या आधी दाबलं तर तिला न्हाय म्हणायला जागा ऱ्हात न्हाय."

"पण अक्का म्हणतात, थोरल्याने आधी."

"अक्काचं कोण इचारतंय? म्या शोभाचं बोलायलाव."

मला कळेना. आप्पांनी चष्मा काढून पंच्याला पुसला. "अक्काला अक्षरवळख न्हाय, मॅडम. शोभा अंगणवाडीत काम करतीय, तीच आईचं टाइप करतीय. पैल्या दिवसापासनं म्हाईत हाय मला. 'ज्याला आठवत नाही त्याने लिहू नये.' हे अक्का बोलंल व्हय? अक्कानं शिवी घातली आसती."

"मग दीड वर्ष राखेवरून भांडलात ते?"

"राख कुठली बी चालतीय. आई दोन्ही घालायची." आप्पा पडद्याकडे बघत होते. "म्या गप बसलो आसतो तर तिकडनं काय आलं आसतं?"

मी हॉलच्या मागच्या बाजूला गेले आणि अंगणवाडीची सुट्टी झाल्यावर शोभाला थेट फोन केला. गूळ अजिबात लावला नाही. आप्पा जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं, राखेचंसुद्धा. ऐकून ती म्हणाली, "बरं." त्या एका शब्दावरून मला काही कळलं नाही.

शेवटच्या दिवशी हॉल लग्नघरासारखा भरला होता. त्यात सकाळी लाइट गेली. ज्यांना आयुष्यात कधी प्रकल्पाशी घेणंदेणं नव्हतं तेही वायरमनला फोन लावत होते. अकरा वाजता लाइट आली, साइट उघडली, आणि पट्टी अर्धी हिरवी होती. शेजारी टीप होती : 'हे अक्काने सांगितलेलं नाही. माझं मी दाबलंय. बाभळीच्या राखेवर मात्र मी ठाम आहे. शोभा.'

आप्पांनी ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचता येण्यासारखे त्यांचे डोळे उरले नव्हते. मग जुना वायरवाला माउस मागवून घेतला, एका बोटाने दाबलं आणि पट्टी आख्खी हिरवी झाली. हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात नेहमीप्रमाणे शेजारी बटण उमटलं, 'मागे घ्या'.

आप्पांनी झटकन पंचा त्याच्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "किती येळ ऱ्हातंय हे?"

"अर्धा मिनिट."

"मोजा."

मी मोजायला लागले. दहानंतर शिपाई मोजायला लागला आणि विसानंतर सगळा हॉल. तीस झाल्यावर आप्पांनी पंच्याचं टोक उचलून खाली डोकावलं. बटण गेलं होतं.

माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले. अक्का होती, भडकलेली. "पोरीनं परस्पर दाबलं. म्या अजून सांगितलं नव्हतं." मग म्हणाली, "त्येला म्हणावं, तुळजापुरावनं दोनची गाडी हाय." मी आत येऊन सांगितलं. आप्पा तोवर माझ्या खुर्चीत बसून एका बोटाने काहीतरी टाइप करत होते. निरोप ऐकून उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि निघाले. दारातून मागे वळून विचारलं, "रिकाम्या हातानं जाऊ नये. काय न्यावं?" शिपाई म्हणाला, "गोवरी न्या." हॉल पोट धरून हसला, आणि आप्पाही.

संध्याकाळी साइट गोठली. त्यानंतर दीड वर्षाने आप्पा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. दहाव्याला मी बेंबळीला गेले तेव्हा शोभा आल्या-गेल्याचं बघत होती आणि अक्का भिंतीला टेकून त्यांचा पंचा मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "सा-सात दिवस राहायचा माझ्याकडं. रोज राखेवरनं भांडायचा." मी तिच्याजवळ बसले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

साइट अजून आहे. वाचता येते, बदलता येत नाही. बियाण्याच्या पानावर हिरवी पट्टी आहे. त्यांचा बैल अजून माणसांत आहे, लाल खुणेसकट. आणि खाली, अगदी तळाला, 'मॅडम' नावाची एक चौकट आहे. तिच्यातून निघालेली रेघ कुठेच पोहोचत नाही. तिच्यावर लिहिलंय, 'चौकशी चालू आहे. मध्यस्थ : आप्पा.' नोंदीची वेळ शेवटच्या दिवशीची, मी अक्काशी बोलायला बाहेर गेले होते तेव्हाची. पत्रिकेत नाव न येणाऱ्या माणसाने मध्यस्थ म्हणून स्वतःचं नाव लिहिलेली ती एकच नोंद. साइट मीच सांभाळली, पण ती आता मलाही खोडता येत नाही. आणि 'मागे घ्या'चं बटण आज तिथे असतंच, तर मीही त्यावर पंचाच टाकला असता.